मलावीच्या खेड्यातलं बाळंतपण आणि अझांबांवरची (गावच्या सुईणींवरची) बंदी : पार्श्वभूमी

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या चिचेवा भाषेत ‘कुबेरेका’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ होतात: मूल जन्माला घालणं आणि मूल पाठुंगळी वागवणं. चितेंजे हे रंगीत कापड बाळाभोवती गुंडाळून छातीवर गाठ मारली, की बाईचे दोन्ही हात मक्याच्या शेतासाठी मोकळे होतात. गरोदर बाईला ‘पाकाती’ आहे, असं म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ ‘मध्ये’. जगणं आणि मरण यांच्या मध्ये, अशी त्याची फोड तिथे केली जाते.

मध्य आणि दक्षिण मलावीत मूल आईच्या कुळाचं असतं. रिवाजानुसार लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो आणि मुलांच्या बाबतीत शेवटचा शब्द मामाचा. बाळंतपणासाठी माहेरी जायचा प्रश्नच येत नाही, बाई मुळात माहेरीच असते. वसाहतीच्या काळात पुरुष ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) शेतमळ्यांवर आणि दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत गेले. जे परत आलेच नाहीत त्यांना ‘माचोना’ हा शब्द पडला. मागे आई, तिच्या बहिणी आणि आजी यांनी घरं चालवली. बाळंतपण याच बायकांच्या हातात राहिलं, आणि त्यांच्यात एक जाणती असे, ती अझांबा.

पुढचा सगळा गोंधळ या शब्दाभोवतीचा आहे. आपण ‘सुईण’ म्हणून मोकळे होतो, पण सरकारी कागदांवर एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या बायका आल्या: फक्त आपल्या लेकी-नातींचं बाळंतपण करणारी आजी, झाडपाला देणारी वैदू, आणि सरकारनेच प्रशिक्षण दिलेली अझांबा. १९७०-८०च्या दशकांत जगभरचा सल्लाच होता की गावच्या सुईणींना शिकवा. नाळ स्वच्छ पात्याने कापा, बाई अडली तर वेळ न घालवता पुढे पाठवा. मलावीने तो पाळला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वारं फिरलं. बाळंतपण शिकलेल्या नर्सच्याच हातून व्हावं, असं ठरलं. २००७ साली अझांबांनी बाळंतपणं करायची नाहीत, असा निर्णय झाला.

हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. अतिरक्तस्राव अझांबाला थांबवता येत नाही, सिझेरियन तर दूरच. पण दोष कुणावर ठेवला गेला ते पाहायला हवं. पाहणीत १९९२ साली दर लाख जन्मांमागे सुमारे ६२० मातामृत्यू होते, २००० साली ते ११२० झाले. या आठ वर्षांत अझांबा काही बदलल्या नव्हत्या. एड्स गावागावांत शिरला होता, आणि सरकारी दवाखान्यांतल्या नर्स ब्रिटनला जाऊ लागल्या होत्या. ज्या बाईकडे ना गाडी होती ना औषध, तिच्यावर बंदी घालणं सर्वांत सोपं होतं.

२०१०मध्ये राष्ट्राध्यक्षांनीच जाहीरपणे सांगितलं की अझांबांना पुन्हा काम करू द्या, त्यांना शिकवा. आरोग्य खात्याची भूमिका मात्र वेगळीच राहिली, आणि गावात नेमकं काय चालतं हे कुणालाच कळेना. २०१२मध्ये आलेल्या राष्ट्राध्यक्ष स्वतः बाळंतपणातल्या रक्तस्रावातून वाचलेल्या होत्या. त्यांनी गावप्रमुखांना हाताशी धरलं. प्रमुखांनी आपापले नियम केले: घरी बाळंत झाल्यास दंड, बकरी, कोंबडी किंवा रोख. अझांबालाही आणि आईलाही.

दवाखान्यातली बाळंतपणं २००४मध्ये ५७ टक्के होती, २०१५-१६मध्ये ९१ टक्के झाली. मातामृत्यूही ९८४वरून ४३९वर आले. हे मोठंच यश आहे. ते सगळं बंदीच्या खात्यावर मांडतात, ते मला पटत नाही. याच काळात एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली, आणि २०११पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार देणारा मलावी हा पहिला देश ठरला.

आता दिवस भरत आले की बाई आरोग्यकेंद्राशेजारच्या निवाऱ्यात येऊन राहते. सोबत आई किंवा मावशी. बोचक्यात दोन-तीन चितेंजे, खाली अंथरायला काळं प्लास्टिक, नवं पातं, एक घमेलं, न्सिमा या घट्ट लापशीसाठी मक्याचं पीठ. तीन दगडांच्या चुलीवर मावशी रांधते. काही ठिकाणी सोबतीला आलेली ही बाई म्हणजे पूर्वीची अझांबाच, बाळंतीण पोहोचवणं एवढंच तिचं काम उरलं आहे. आधी येणं जमलं नाही, तर पावसाळ्यातल्या रात्री कळा सुरू झाल्यावर चिखलातून काबाझाच्या, म्हणजे भाड्याच्या सायकलच्या मागच्या सीटवर बसून निघायचं. वाटेतच बाळ झालं, तरी काही गावांत दंड आईलाच.