पुनरावृत्त खेळातील सहकार्याचे भाकीत

दोन खेळाडू पुन्हापुन्हा समोरासमोर येणार असतील, तर ते एकमेकांना साथ देतील की दगा, हे खेळाच्या नियमांवरून आधीच ओळखण्याचा प्रयत्न. ‘कैद्यांचा पेच’ या खेळावर हा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. दोघांनी साथ दिली तर दोघांचे भले होते. पण समोरचा काहीही करो, एका फेरीपुरते पाहिले तर दगा देणाऱ्यालाच जास्त मिळते. १९५० मध्ये रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या मेरिल फ्लड व मेल्विन ड्रेशर यांनी आर्मेन अल्चियन आणि जॉन विल्यम्स यांच्यात असा खेळ १०० वेळा खेळवला. त्यांपैकी ६० फेऱ्यांत दोघांनीही साथ दिली.

पुढची फेरी होण्याची शक्यता पुरेशी असेल तर सहकार्य टिकू शकते, असे सिद्धांत सांगतो. मात्र ‘टिकू शकते’ म्हणजे ‘टिकते’ नव्हे. अर्थशास्त्रज्ञ पेद्रो दाल बो आणि गियोम फ्रेशेत यांच्या २०११ मधील प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. त्यांच्या एका मांडणीत दोघांनी साथ दिली तर प्रत्येकी ४० गुण, दोघांनी दगा दिला तर २५, एकट्याने दगा दिला तर त्याला ५० आणि फसलेल्याला १२. इथे खेळ पुढे चालू राहण्याची शक्यता ०.४ असली तरी सिद्धांताच्या दृष्टीने पुरते. तरीही ती ०.५ ठेवल्यावर सहकार्य कमीच राहिले, ०.७५ केल्यावर मात्र अनुभवागणिक वाढले.

कारण पहिल्या विश्वासाच्या जोखमीत आहे. समोरचा कायम दगाबाज असेल, किंवा आपण दगा देईपर्यंत साथ देणारा असेल, अशी निम्मी-निम्मी शक्यता धरू. ०.५ वर आपण तशीच सशर्त साथ दिली तर सगळ्या फेऱ्या मिळून सरासरी ५८.५ गुण पडतात, कायम दगा दिला तर ६२.५. ०.७५ वर हेच आकडे १२३.५ आणि ११२.५ होतात. पारडे ०.६ च्या किंचित पुढे फिरते. खेळाडूचा स्वभाव जोखणाऱ्या चाचण्यांपेक्षा हा साधा हिशेब भाकितासाठी अधिक भरवशाचा ठरला आहे.

फेऱ्यांची संख्या आधीच ठाऊक असेल तर अखेरच्या फेऱ्यांत साथ सुटू लागते. खेळाडू दोनाहून अधिक असले की दगाबाज नेमका कोण, हे हेरून त्याला एकट्याला धडा शिकवणे अवघड होते. उर्स फिशबाखर, सिमॉन गेख्टर आणि अर्न्स्ट फेर यांच्या २००१ मधील सामाईक निधीच्या, म्हणजे सर्वांच्या फायद्याच्या निधीत प्रत्येकाने किती घालायचे हे ठरवण्याच्या प्रयोगात सुमारे निम्मे लोक इतरांचे योगदान पाहून आपले ठरवणारे निघाले, तर जवळपास एक तृतीयांश फुकटे.