चाकांचा ऑर्गन बँडमध्ये कसा आला

मराठी माणसाला ऑर्गन म्हटला की संगीत नाटकातला, पायाने भाता मारत वाजवायचा ऑर्गन आठवतो. रॉक किंवा जॅझ बँडमधल्या ऑर्गनचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. त्याचा जन्म घड्याळाच्या कारखान्यातला.

शिकागोचा लॉरेन्स हॅमंड विजेची घड्याळे बनवायचा. त्यांतली सिंक्रोनस मोटर पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीला जखडलेली असते, म्हणून वेळ चुकत नाही. तशीच मोटर त्याने १९३५ साली बाजारात आणलेल्या ऑर्गनला बसवली. ती ९१ दातेरी चाके फिरवते. प्रत्येक चाकासमोर चुंबक आणि कॉइल, आणि दात जितक्या वेगाने सरकतील तितका सूर वर. पाइप ऑर्गन न परवडणारी चर्चेस हे त्याचे गिऱ्हाईक होते.

या मोटरमुळे हा ऑर्गन सुरात लावता येत नाही. बाकीच्यांनीच त्याच्याशी जुळवून घ्यायचे. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठीचा ऑर्गन आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर लावला, तर पांढरी एक दाबल्यावर पांढरी सहाच्याही किंचित खालचा सूर येतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, फ्रिक्वेन्सी नाही. ६० हर्ट्झ देणारा कन्व्हर्टरच लागतो. उघड्या मैदानावर जनरेटर ५० वरून ४९ वर घसरला, की सूर अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाने उतरतो आणि गिटारवाले एकमेकांकडे बघू लागतात. सुरू करण्याचाही क्रम आहे: ‘स्टार्ट’चे बटण सुमारे आठ सेकंद दाबून धरायचे, ते न सोडता ‘रन’चे लावायचे आणि आणखी चार सेकंदांनी ‘स्टार्ट’ सोडायचे. घाई केली तर मुख्य मोटर वेग पकडत नाही.

बँडला आवडला तो हॅमंडचाच, १९५०च्या दशकाच्या मध्यात आलेला बी-३. बाक आणि पेडल धरून वजन सुमारे १९० किलो. फिलाडेल्फियाच्या भागातून आलेल्या जॅझवादक जिमी स्मिथने १९५६ पासूनच्या रेकॉर्डिंगमध्ये दाखवले, की बास, कॉर्ड आणि सोलो हे सगळे एकटा माणूस निभावू शकतो. त्याची ओळखीची मांडणी म्हणजे पहिले तीन ड्रॉबार (आवाजाची छटा ठरवणाऱ्या, आत-बाहेर सरकणाऱ्या नऊ दांड्यांपैकी) पूर्ण बाहेर, उरलेले सहा आत आणि सोबत पर्कशन, म्हणजे स्वराच्या सुरुवातीला येणारा छोटा ठोका. पर्कशन लावले की नववा ड्रॉबार गप्प होतो. शिवाय सगळ्या पट्ट्या सुटल्याशिवाय पर्कशनचा ठोका पुन्हा येत नाही, म्हणून लेगॅटो, म्हणजे स्वर न तोडता, वाजवणाऱ्याला तो फक्त पहिल्या स्वरावर मिळतो. पट्टी दाबताना होणारी ‘क्लिक’ हॅमंडच्या दृष्टीने दोष होता. प्रत्येक पट्टीखाली नऊ कॉन्टॅक्ट असतात आणि ते नेमके एकाच क्षणी जुळत नाहीत. वादकांना मात्र तीच हवी होती.

फिरत्या स्पीकरचेही तेच झाले. कॅलिफोर्नियाच्या डॉन लेस्लीने १९४०च्या सुमारास तो बनवला. हॅमंडने त्याला दारात उभे केले नाही. ८०० हर्ट्झच्या वरचा आवाज फिरत्या भोंग्यातून, खालचा फिरत्या, पिंपासारख्या ड्रममधून. भोंगे दोन दिसतात, पण वाजतो एकच. दुसरा तोल राखायला. वेग बदलला की हलका भोंगा लगेच पळतो, जड ड्रम काही सेकंद मागे राहतो, आणि खरी मजा त्या मधल्या वेळेत आहे. वरच्या भोंग्याला दोन माइक आणि ड्रमला एक, ही नेहमीची रीत. माइक फार जवळ नेला तर वाऱ्याची फडफड येते. लेस्लीची १२२ आणि १४७ ही मॉडेले दिसायला जुळी असली तरी वायरिंग वेगळे आहे, आणि केबलमधून मेन्सची वीज जाते. एकाची केबल दुसऱ्याला लावू नये.

वजनाला कंटाळलेल्यांसाठी १९६२ मध्ये इंग्लंडचा व्हॉक्स कॉन्टिनेंटल आला: ट्रान्झिस्टरचा, घडीच्या पायांचा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अदलाबदल केलेला. त्यात बारा स्वरांना बारा ऑसिलेटर असतात, त्यामुळे एक बिघडला की तो स्वर सगळ्या सप्तकांत बेसूर. आवाज पातळ, पण गिटारच्या गदारोळातून तो कापत वर येतो, आणि ही जागा हॅमंडला सहज मिळत नाही. डीप पर्पल या रॉक बँडच्या जॉन लॉर्डने उलट वाट धरली आणि हॅमंड थेट मार्शलच्या गिटार अँपमध्ये घातला.

चाकांच्या ऑर्गनचे उत्पादन १९७०च्या दशकाच्या मध्यात थांबले. २००१ च्या नॉर्ड इलेक्ट्रोसारख्या कीबोर्डांनी चाकांची गळती (शेजारच्या चाकांचा झिरपणारा आवाज), क्लिक, फिरता भोंगा हे सगळे मुद्दाम गणिताने उभे केले. गिगवर यांची एक अडचण हमखास निघते: लेस्लीचा नकली परिणाम स्टिरिओसाठी रचलेला असतो, आणि साउंडवाल्याने दोन्ही बाजू मोनोत एकत्र केल्या की भोंगा फिरतोय असे वाटतच नाही. एकच लाइन मिळणार असेल, तर कीबोर्डचे आउटपुटच मोनोवर ठेवून साउंडचेकला मंद आणि जलद दोन्ही वेग ऐकावेत.