लोखंडी जाळीचे पूल आणि सायकल

ज्या पुलावर डांबराचा किंवा काँक्रीटचा थर नसतो आणि उभ्या-आडव्या पोलादी पट्ट्यांची उघडी जाळी हाच ज्याचा रस्ता असतो, तो लोखंडी जाळीचा पूल. पट्ट्यांमधून खालचे पाणी दिसते, पाऊस थेट नदीत पडतो आणि गाडी जाताना टायरचा घुमणारा आवाज येतो. चारचाकीला अशा पुलाचा फारसा त्रास होत नाही. सायकलस्वाराला मात्र तो जपून ओलांडावा लागतो, कारण जाळीवर टायरची पकड कमी होते आणि हँडलवरचा ताबाही पुरा राहत नाही. असे पूल मुख्यतः अमेरिकेतल्या शहरांत आहेत. सांगली-साताऱ्यातले कृष्णेवरचे रस्ता-पूल पक्क्या पृष्ठाचे आहेत. पण तशीच जाळी इथे गटारांवर, फाटकांत आणि कारखान्यांच्या आवारात जागोजागी आढळते आणि सायकल घसरण्याचे कारण दोन्हीकडे एकच आहे.

जाळी कशासाठी

पहिले कारण वजन. २० सेंमी जाडीचा काँक्रीटचा थर दर चौरस मीटरला सुमारे ४८० किलो भरतो. उघडी पोलादी जाळी साधारण त्याच्या पाव हिश्श्यात भागते. खालून जहाजे जावीत म्हणून ज्या पुलाचा मधला भाग उचलावा लागतो, त्याला हा फरक फार मोलाचा. म्हणून शिकागो, सिअ‍ॅटल, पोर्टलंड या शहरांतल्या उचलत्या पुलांवर जाळी दिसते. सिअ‍ॅटलचा फ्रीमाँट पूल १९१७ चा आणि पोर्टलंडचा हॉथॉर्न पूल १९१० चा आहे. दोन्हींवर आज सायकलींची मोठी वर्दळ असते, पण ती जाळीवरून न जाता कडेच्या पदपथावरून जाते. हॉथॉर्न पुलाचे पदपथ १९९८–९९ च्या दुरुस्तीत त्यासाठी मुद्दाम रुंद करण्यात आले.

दुसरे कारण वारा. मिशिगन राज्यातला सुमारे ८ किमी लांबीचा मॅकिनॅक पूल १९५७ मध्ये खुला झाला. त्याच्या झुलत्या भागातल्या आतल्या मार्गिका जाळीच्या आहेत. वारा त्यांतून आरपार जातो आणि पुलावरचा ताण कमी होतो. या पुलावर सायकल चालवायला बंदी आहे. पूल चालवणारी संस्थाच शुल्क घेऊन सायकलस्वाराला सायकलीसह गाडीतून पलीकडे सोडते.

कृष्णेत जहाजे चालत नाहीत, त्यामुळे इकडे उचलता पूल बांधायची वेळच आली नाही. सांगली आणि सांगलवाडी जोडणारा १९२९ चा आयर्विन पूल असो की कोल्हापूरकडे जाताना लागणारा अंकलीचा पूल, सायकलीखाली अखंड रस्ता असतो.

चाक का भरकटते

सायकल कधीच अगदी सरळ चालत नाही. तोल एका बाजूला ढळू लागला की स्वार नकळत हँडल त्याच बाजूला किंचित वळवतो, चाक भाराखाली येते आणि सायकल सावरते. मग दुसऱ्या बाजूला तेच. ओल्या टायरची रेघ कोरड्या रस्त्यावर उमटते तेव्हा ही बारीक नागमोड डोळ्यांना दिसते. या सावरण्यासाठी पुढच्या टायरला बाजूची पकड लागते आणि ती क्षणोक्षणी एकसारखी मिळावी लागते. जाळीवर नेमकी तीच मिळत नाही.

स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर पुढच्या चाकावर साधारण ३५ किलो भार येतो. टायरमध्ये ६० पौंड हवा असेल तर रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम ८ ते ९ चौरस सेंमी असतो. जाळीवर त्यातलाही बराच भाग फटींवर अधांतरी राहतो आणि सगळा भार पट्ट्यांच्या अरुंद कडांवर येतो. रबर फटीत दबते, पट्टीची कड त्याला बाजूने टेकते आणि चाक जरासे सरकते. पुढच्याच पट्टीवर ते उलट बाजूला सरकते. हँडल हातात आपोआप डुलू लागते. हे डुलणे स्वतः फारसे घातक नाही. घातक असते ते त्याला घाबरून हँडल घट्ट आवळणे. हात ताठ झाले की सायकलीचे स्वतःहून सावरणे थांबते, स्वार गरजेपेक्षा जास्त वळवतो आणि चाक निसटते.

पट्ट्या जाण्याच्या दिशेने लांबट असतील तर प्रकार आणखी वाईट. टायर दोन पट्ट्यांमधल्या खाचेत बसतो आणि खाच नेईल तिकडेच जातो. त्यातून बाहेर पडायला स्वार हँडल वळवतो तेव्हा चाक कडेवर चढत नाही, तिला घासत राहते, आणि वरचे अंग मात्र वळलेल्या बाजूला कललेले असते. रेल्वे फाटकात रूळ तिरका ओलांडताना सायकली पडतात त्या याच कारणाने.

टायरच्या रुंदीने बराच फरक पडतो. शर्यतीच्या सायकलीचा टायर २३ ते २८ मिमी, दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलीचा सुमारे ४० मिमी आणि डोंगरी सायकलीचा ५० मिमी किंवा त्याहून जास्त. अरुंद टायरला जी फट खाच वाटते, ती रुंद टायरला नुसती खडबड. पण काळ्या सायकलीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकवलेले असले की रुंद टायरचा हा फायदा बराचसा जातो: भार मागे गेल्याने पुढचे चाक हलके होते आणि कॅन हिंदकळले की डुलण्यात भर पडते.

डोळे आणि कान यांचाही भाग आहे. नजर जाळीतून खाली गेली की पट्ट्या एका दिशेने पळताना आणि पाणी दुसऱ्याच गतीने सरकताना दिसते; काहींना तेवढ्यानेच भोवळ आल्यासारखे होते. मोटारींच्या टायरचा आवाज जाळीवर इतका घुमतो की सायकलीची घंटी कोणाला ऐकू जात नाही. रात्री दिव्याचा प्रकाश जाळीतून खाली निघून जातो आणि समोरचा पृष्ठभाग काळाच दिसतो.

ओले लोखंड

कोरड्या रस्त्यावर रबराला जी पकड मिळते, तिच्या निम्मीही ओल्या गुळगुळीत पोलादावर मिळत नाही. नव्या जाळीच्या पट्ट्यांना दातेरी कडा किंवा वर उठलेले खिळे असतात, पण रहदारीने ते वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत होतात. टायरची नक्षी खोल असली तरी पोलादावर तिचा उपयोग नाही, कारण नक्षीने धरावे असे तिथे काही नसतेच. ब्रेक दाबला की उरलीसुरली पकड वेग कमी करण्यात खर्च होते आणि बाजूला सावरायला काही शिल्लक राहत नाही. पुढचा ब्रेक दाबला तर चाक तिथेच सुटते.

आपल्याकडे सगळ्यात निसरडा पाऊस म्हणजे मे महिन्यातला पहिला वळीव. चार-पाच महिन्यांची धूळ, डिझेलचे थेंब, टायरचा भुगा हे सगळे त्या पहिल्या सरीत कालवले जाते आणि लोखंडावर त्याचा पातळ साका बसतो. श्रावणातल्या धुऊन निघालेल्या लोखंडापेक्षा हा साका जास्त वाईट. गळीत हंगामात आणखी एक भर पडते: उसाच्या फडातून रस्त्यावर येणारे ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती वाटेतल्या प्रत्येक झाकणावर आणि जाळीवर सोडत जातात.

सांगली-साताऱ्यात ही जाळी कुठे भेटते

सगळ्यात जास्त भेटते ती रस्त्याच्या कडेच्या गटारावर. सायकलस्वाराला रहदारी कडेलाच ढकलते, त्यामुळे पुलावरच्या जाळीशी त्याची गाठ आयुष्यात कधी पडणार नाही, पण गटाराच्या जाळीशी रोज पडते. जाळीच्या सळ्या रस्त्याला समांतर असतील आणि फट टायरहून रुंद असेल, तर पुढचे चाक आत उतरते, रिम अडकते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. इथे घसरण्याचा प्रश्नच उरत नाही. कोरड्या दिवसात, सावध आणि सराईत स्वारालाही हे होऊ शकते. माझ्या मते या नोंदीतला सर्वांत गंभीर धोका हाच आहे.

पुराच्या दिवसांत तो दिसेनासा होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी शहराचे मोठे भाग पाण्याखाली होते. अशा पाण्यात जाळी उचकटलेली असू शकते, किंवा पाणी लवकर ओसरावे म्हणून कोणी ती मुद्दाम काढून ठेवलेली असू शकते. गढूळ पाण्याखालचे उघडे चेंबर सायकलवरून दिसणे शक्य नाही. पोटरीपर्यंत पाणी असलेल्या रस्त्यावर सायकल चालवूच नये. हातात धरून, रस्त्याच्या मध्यावरून, पुढे काठी टेकत जावे.

गुरे आत शिरू नयेत म्हणून कॉलेजांच्या, देवळांच्या, कारखान्यांच्या फाटकांत खड्ड्यावर लोखंडी पाइप आडवे टाकतात. ते जाण्याच्या दिशेला आडवे असल्याने सरळ ओलांडले तर काही होत नाही, फक्त हादरे बसतात. अपघात होतात ते फाटकातच वळणाऱ्यांचे. साखर कारखान्यांत आणि ओतशाळांत जाळीच्या वाटा व खवल्यांची नक्षी असलेले पत्रे सर्रास असतात, आणि आवारात सायकलने फिरणारे कामगारही. लोखंड आणि सायकल यांचे सांगली जिल्ह्यातले नाते जुने आहे: १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी उद्योगाची सुरुवात बेळगावात सायकलींच्या दुकानापासूनच केली होती.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा, म्हणजे नदीत खांबांमध्ये फळ्या घालून पाणी अडवणाऱ्या बुटक्या बंधाऱ्यांचा, उल्लेखही इथे करायला हवा. त्यांवरची वाट जाळीची नसते, पण अरुंद असते, पुष्कळदा कठड्याविना असते, आणि पाणी ओसरल्यावर तिच्यावर गाळाचा थर राहतो. पलीकडच्या गावी जायचा लांबचा फेरा वाचतो म्हणून शाळेतली मुले आणि शेतकरी तिथून सायकली नेतात. गाळ वाळेपर्यंत तिथून सायकल ढकलतच न्यावी.

पडल्यास

जाळीवर पडणे डांबरावर पडण्यापेक्षा वेगळे. डांबरावर अंग घसटत जाते आणि कातडी सोलते. जाळीच्या कडा किसणीसारख्या लागतात, जखमा खोल आणि कापलेल्या असतात. तळहात, गुडघे, कोपर आणि हनुवटी यांना जास्त लागते, बोटे फटीत अडकून मोडू शकतात. हात टेकून पडल्यास मनगट किंवा गळ्याचे हाड मोडते. हातमोजे आणि हेल्मेट यांची किंमत इथे कळते.

जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर वेळ धुवावी, स्वच्छ कापड दाबून धरावे आणि डॉक्टरांकडे जावे. हळदीच्या बाजारपेठेचे गाव असल्याने जखमेवर हळद दाबण्याची सवय सांगलीकरांना आहे. खोल जखमेत हळद, चुना किंवा कोणतीही पूड भरू नये, कारण आतली घाण तशीच कोंडली जाते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. धनुर्वात गंजामुळे होतो असे समजतात. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात. जखम करणारे लोखंड चकचकीत असले तरी लसीची मात्रा केव्हा घेतली होती हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

ओलांडायची रीत

जाळी ओली असेल आणि कडेला पदपथ असेल, तर उतरून चालत जावे. कितीही सराव असला तरी यात कमीपणा नाही. मात्र शर्यतीच्या बुटांखालच्या, पॅडलमध्ये अडकवायच्या कडक पट्ट्या जाळीवर टायरइतक्याच घसरतात, हे चालतानाही लक्षात ठेवावे.

चालवतच जायचे असेल तर वेग जाळीच्या आधीच कमी करावा, जाळीवर आल्यावर नाही. मात्र फारच हळू जाण्यानेही नुकसान होते, कारण वेग जितका कमी तितकी नागमोड मोठी. मध्यम, एकसारखा वेग ठेवून पॅडल हलके फिरवत राहावे. कोपर सैल, हँडलची पकड सैल, नजर पुलाच्या पलीकडच्या टोकावर. चाक थोडे डुलेल, ते डुलू द्यावे. ब्रेक नाही, वळणे नाही, दुसऱ्याला मागे टाकणे नाही. घोळक्याने जाताना एकामागून एक आणि भरपूर अंतर ठेवून जावे, म्हणजे पुढचा पडला तरी मागच्याला ब्रेक दाबावा लागणार नाही.

बांधणाऱ्यांचे काम

सायकलस्वाराने कितीही काळजी घेतली तरी समांतर सळ्यांच्या जाळीपुढे त्याचे काही चालत नाही. दोष जाळी बसवण्यात असतो, आणि उपायही तिथेच आहे. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनासाठी १९७७ मध्ये गटारांच्या जाळ्यांचा अभ्यास झाला, त्यात जाळी पाणी किती गिळते आणि सायकल तिच्यावरून सुखरूप जाते का, ही दोन्ही अंगे तपासली गेली. दोन्ही कामे बऱ्यापैकी करणाऱ्या रचना त्यातून पुढे आल्या, त्यामुळे ‘पाणी जायला लांब फटी हव्यातच’ ही सबब टिकत नाही. त्याच देशाच्या अपंगसुलभतेच्या नियमांत पायवाटेवरच्या जाळीची फट अर्ध्या इंचाहून मोठी नसावी आणि लांबट असेल तर चालण्याच्या दिशेला आडवी असावी, अशी अट आहे. शिकागोत काही जाळीच्या पुलांवर फक्त सायकलींच्या पट्ट्यापुरते पृष्ठ पत्र्यांनी झाकले गेले. सगळा पूल बदलावा लागला नाही.

आपल्याकडच्या गटारांना तर याहून कमी खर्च पुरेल. जाळी चौरस असेल तर उचलून काटकोनात फिरवून बसवावी. आयताकृती असेल तर तिच्यावर दर १० ते १५ सेंमीला एक आडवी चपटी पट्टी जोडावी. वेल्डिंगच्या कोणत्याही दुकानात होण्याजोगे हे काम आहे. पावसाळ्याआधी नालेसफाईसाठी या जाळ्या उचलल्या जातातच. त्या परत ठेवताना सळ्यांची दिशा पाहणे आणि साफसफाईच्या कामाच्या अटींत तसे लिहून घेणे, हे प्रत्येक नगरपालिकेला येत्या मे महिन्यापासूनच करता येईल.