घरच्या आवारातील गोल ब्लेडची सॉ मिल: पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या लाकडाच्या वखारी हटून त्यांच्या जागी टॉवर येऊ लागले, तेव्हा त्यांतली बहुतेक यंत्रे भंगारात गेली. क्वचित एखादी गोल ब्लेडची सॉ मिल मात्र गावठाणातल्या कुणाच्या परसात येऊन पडली. मोटर जोडली की ती आजही फिरेल. पण तिच्यावर ओंडका चढवता येतो का, याचे उत्तर यंत्रात नाही, वन कायद्यात आहे. आणि हा कायदा लाकडाच्या धंद्यात नसलेल्यांना सहसा ठाऊक नसतो.

गोल करवतीचा उल्लेख असलेले पेटंट इंग्लंडमध्ये १७७७ मध्ये नोंदले गेले. त्याआधी आणि आपल्याकडे त्यानंतरही बराच काळ लाकूड चिरले जाई ते खड्ड्यावर: ओंडका आडवा, एक करवत्या वर, एक खाली. वरचा ओढी, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई. शहापूर, मुरबाड, जव्हारच्या सागाचा वापर घरांना आणि होड्यांना होत असे.

या खड्ड्याची धास्ती सरकारला यंत्र येण्याआधीपासून होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम ४१ हे लाकडाच्या वाहतुकीचे कलम. त्याखाली ठरावीक हद्दीत लाकूड चिरण्याचे खड्डे काढण्यावर बंदी घालणारे नियम करता येतात आणि त्याच वाक्यात खुणेच्या हातोड्यांचाही उल्लेख आहे. दोन्ही गोष्टी एकत्र का, हे वखारीत काम केलेला माणूस चटकन सांगेल. ओंडका कुठून आला हे त्याच्यावर ठोकलेल्या खुणेवरून कळते. चिरकाम झाले की खूण जाते. उरतात फळ्या, आणि फळी सरकारी जंगलातली की शेताच्या बांधावरची हे सांगायला ती काही बोलत नाही. म्हणून पहारा झाडावर जितका, तितकाच करवतीवर. पुढची सगळी नियमावली याच विचाराची वाढ आहे. १९४२ चे मुंबई वन नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०१४ चे महाराष्ट्र वन नियम याच वाटेने गेले.

यंत्राबद्दल थोडक्यात. ४८ इंचांचे पाते मिनिटाला साडेसातशे फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी १७० किलोमीटरच्या आसपास धावते. इतक्या वेगात पाते सपाट राहावे म्हणून ते ठोकून मध्यभागी मुद्दाम किंचित सैल ठेवलेले असते. ही ठोकणी जाणणारे कारागीर आता शोधावे लागतात. ठोकणी बिघडली की पाते तापते, डुलते आणि फळी वाकडी उतरते. ज्यांनी नुसता लोखंडी सांगाडा विकत घेतला, त्यांची पहिली अडचण हीच असते. परवान्याची आठवण नंतर होते. दुसरे म्हणजे नासाडी. गोल पात्याचा काप सुमारे ६ मिलिमीटर जाड, पट्टा करवतीचा (दोन चाकांवर फिरणाऱ्या लांब पट्टीसारख्या पात्याचा) २ च्या आसपास. २५ मिलिमीटरची फळी काढताना पहिल्यात जवळपास पाचवा हिस्सा भुसा होतो, दुसऱ्यात जेमतेम चौदावा. जंगल वाचवण्याच्या चर्चेत हा हिशेब कधी पुढे येत नाही, याचे आश्चर्य वाटते.

खरी कलाटणी मिळाली ती १९९० च्या दशकात. तमिळनाडूच्या गुडलूर भागातील वृक्षतोडीविरुद्ध निलंबूरच्या एका जमीनदार घराण्यातील व्यक्तीने १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १२ डिसेंबर १९९६ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने वनाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यायला सांगितला, मालकी कुणाचीही असो. वनक्षेत्रात केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय चाललेल्या सॉ मिल, विनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) आणि प्लायवूडचे कारखाने थांबले. ईशान्येकडील राज्यांतून लाकूड बाहेर पाठवण्यावरही बंदी आली. तिथे ज्या प्रमाणात तोड चालली होती ती पाहता आदेशाच्या गरजेबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद आहे तो ऑक्टोबर २००२ च्या आदेशाबद्दल. विनापरवाना सॉ मिल देशभर तत्काळ बंद करा, आणि न्यायालयाने त्याच वर्षी नेमलेल्या केंद्रीय समितीच्या पूर्वपरवानगीवाचून नवी उघडू देऊ नका, असे राज्यांना सांगण्यात आले. आसामातला वॅगनभर लाकूड खाणारा कारखाना आणि कोकणातल्या परसातली एका पात्याची मशीन यांना एकच वाक्य लागू झाले. सोपेपणा हीच त्या आदेशाची ताकद होती: जंगलातला प्रत्येक ट्रक अडवणे अशक्य, सॉ मिल मोजणे शक्य. पण याच सोपेपणामुळे परवाना ही स्वतंत्र मालमत्ता झाली. ज्यांच्याकडे जुना कागद होता त्यांचे फावले. ज्यांच्या वडिलांनी यंत्र चालवले पण नोंद केली नाही, त्यांच्याकडे फक्त लोखंड उरले. समितीकडचे हे अधिकार २०१५ मध्ये राज्यस्तरीय समित्यांकडे आले, म्हणजे तेरा वर्षांनी. छोट्या माणसाला दिल्लीपर्यंत जायला लावणारी ही तेरा वर्षे वाजवी होती असे म्हणणे कठीण आहे. याचा उलटा पक्षही आहे. एका पात्याच्या मशीन वगळल्या असत्या, तर मोठ्या वखारीने आपली यंत्रे पाच परसांत वाटून ठेवली असती. तो धोका काल्पनिक नव्हता.

नोव्हेंबर २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी चित्र थोडे स्पष्ट केले. सॉ मिल म्हणजे अख्ख्या ओंडक्यापासून चिरीव लाकूड करणारी, ठरावीक जागेत बसवलेली यंत्रणा. बांबू, प्लायवूड किंवा आधीच चिरलेले लाकूड वापरणाऱ्या आणि मोठी करवत न ठेवणाऱ्या कारखान्यांना सवलत आहे. ४८ इंचांचे पाते या सवलतीत बसणार नाही. अधिसूचित वनाच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत नवा उद्योग नको, अशीही अट आहे. येऊरचे जंगल ठाण्याला खेटून आहे, त्यामुळे पूर्ण शहर या कक्षेत येते. परंतु औद्योगिक वसाहती आणि नगरपालिका क्षेत्रे याच अटीतून वगळलेली आहेत. म्हणजे अंतराच्या अटीपुरता शहरी हद्दीतल्या कोपरखैरणे किंवा कोलशेतच्या माणसाचा मार्ग मोकळा, तर जंगलाजवळच्या खेड्यातल्याचा बंद. अर्थात परवाना दोघांनाही लागतोच.

अलीकडे या प्रश्नाला नवे निमित्त मिळाले ते वादळांचे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात मुंबई-ठाण्यात मोठी झाडे उन्मळून पडली. जुन्या पर्जन्यवृक्षाचा बुंधा जळणात जाताना पाहून ‘घरीच फळ्या काढू’ असे वाटणारे लोक बरेच असतात. त्यांच्यापुढे आधी १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा येतो. स्वतःच्या अंगणातले उभे झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. झाडाची परवानगी आणि करवतीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला कागद हातात असलेले अनेक जण दुसराही मिळाला असे समजून चालतात.

कागद पूर्ण झाले तरी शेजारी उरतातच. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. चालू गोल करवतीजवळ आवाज शंभरच्या घरात सहज पोहोचतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या गावठाणात पहिली तक्रार वन खात्याकडे जात नाही, ती पोलीस चौकीत जाते.