गोळी तीच, ओळख वेगळी

परदेशी जाताना आपण गोळ्या मोजून घेतो. जितके दिवस तितक्या गोळ्या, वर चार-पाच जास्तीच्या. मोजणी बरोबर असते, पण सीमेपलीकडेही गोळी तीच राहणार हे आपण धरून चालतो. तिच्यातला रेणू तोच राहतो, हे खरं. त्याचं नाव, ताकद आणि कायद्यातली जागा मात्र बदलू शकते.

नावाचंच घ्या. पॅरासिटामॉल अमेरिकेत मागायचं तर ‘ॲसिटामिनोफेन’ म्हणावं लागतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. हा घोळ आवरावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली प्रत्येक औषधी द्रव्याला एकच आंतरराष्ट्रीय नाव द्यायचं ठरवलं आणि १९५३ मध्ये पहिली यादी निघाली. या नावांना बहुधा कुळाची खूण सांगणारं शेपूट असतं. ‘ओलॉल’ असेल तर हृदयाचे ठोके आवरणारं बीटा ब्लॉकर, ‘सार्टन’ असेल तर रक्तदाबाचं, ‘व्हास्टॅटिन’ असेल तर कोलेस्टेरॉलचं. भाषा न कळणाऱ्या देशातला औषधविक्रेतासुद्धा तेवढ्यावरून तुमचं दुखणं ओळखतो.

कंपनीने दिलेल्या नावांना असा काही धरबंद नाही. अमेरिकेत ‘फ्लोमॅक्स’ प्रोस्टेटच्या त्रासासाठी देतात. इटलीत त्याच नावाने सूज उतरवणारं औषध विकलं गेलं. ‘डिलाकॉर’ची गोष्ट जास्त भीतीदायक आहे. अमेरिकेत त्यात रक्तदाबाचं डिल्टियाझेम होतं आणि सर्बियात हृदयाचं डिगॉक्सिन. डिगॉक्सिनचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत फार थोडं अंतर असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अशा नावांबद्दल २००६ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांकडून जेनेरिक, म्हणजे आतल्या द्रव्याचं, नाव आणि मिलिग्रॅम स्पष्ट अक्षरांत लिहून घ्यावं. माझ्या मते प्रवासाच्या तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

ताकदीचा घोटाळा इन्सुलिनमध्ये दिसतो. काही देशांत त्याच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या मिळतात, पुष्कळ देशांत १०० युनिटच्याच. सिरिंजवरच्या रेघा त्या-त्या बाटलीप्रमाणे आखलेल्या असतात. समजा, ४०ची सिरिंज घेऊन गेलात, तिथे १००ची बाटली घेतली आणि नेहमीसारखं २०च्या रेघेपर्यंत भरलंत. रेघ सांगते २० युनिट, आत गेले ५०! रक्तातली साखर धाडकन उतरायला एवढं पुरतं.

आता कायदा. मादक आणि मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांबद्दल १९६१ आणि १९७१चे आंतरराष्ट्रीय करार आहेत, पण त्यांहून कडक नियम करायला प्रत्येक देश मोकळा आहे. ट्रामाडॉल हे वेदनाशामक या करारांच्या यादीत नाही, तरी इजिप्तमध्ये त्यावर कडक निर्बंध आहेत. २०१७ मध्ये एका ब्रिटिश पर्यटक महिलेला २९० गोळ्या नेल्याबद्दल तिथे तीन वर्षांची शिक्षा झाली. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं सर्दीचं औषध नेता येत नाही. बंद नाक मोकळं करणाऱ्या या साध्या रेणूतून ऑक्सिजनचा एक अणू काढला की मेथॲम्फेटामिन हे घातक मादक द्रव्य तयार होतं, आणि तिथल्या कायद्याची नजर त्या एका अणूवर आहे. झोपेच्या, वेदनेच्या किंवा एकाग्रतेच्या गोळ्या असतील तर त्या देशाच्या दूतावासाकडे आधी चौकशी करावी. विमान बदलायला मधे थांबणार असाल, तर त्या देशाचीही.

गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. कस्टम्सवाल्यांना डब्यातली सुटी गोळी कशाची हे कळायला मार्ग नसतो. पण याला एक रासायनिक कारणही आहे. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत देतात, कारण ते द्रव्य हळूहळू उडून जातं आणि प्लॅस्टिक ते शोषून घेतं. वारांच्या कप्प्यांच्या डबीत ती दिसायला तशीच राहते, जोर मात्र गेलेला असतो. ॲस्पिरिनला दमट हवा लागली की तिचा रेणू फुटून त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. बाटली उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर त्या गोळ्या टाकून द्या.

इन्सुलिनला उन्हाइतकीच गोठण्याचीही भीती. ते प्रथिन आहे. गोठलं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, आणि वितळल्यावर कधी कधी वरून काहीच कळत नाही. म्हणून ते विमानाच्या पोटातल्या थंड सामानात नको, हातातल्या बॅगेतच हवं. बर्फाला थेट टेकवून ठेवू नये.

राहिली वेळ. थायरॉइडच्या लिव्होथायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे एक आठवडा लागतो, त्यामुळे सहा तास मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, लिव्होडोपाला तेवढ्यासाठी दीड-दोन तास पुरतात. तिथे उशीर झाला की हात थरथरून लगेच सांगतात. पूर्वेकडे उडताना दिवस आखूड होतो, पश्चिमेकडे लांबतो, म्हणून दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावा लागतो. फोनच्या गजरावर भिस्त ठेवू नये, कारण विमान उतरताच फोन गुपचूप स्थानिक वेळ लावतो आणि आठचा गजर तिथल्या आठला वाजतो. घरच्या वेळेवर लावलेलं एखादं साधं घड्याळ औषधांच्या पिशवीत टाकलेलं बरं.