काळ्या खडकाची तांबडी माती

कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजूला गेलं की शेतं काळी दिसतात, खाली चिपळूणला उतरलं की तांबडी. खडक मात्र दोन्हीकडे तोच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बसाल्ट. मग मातीत एवढा फरक कसा?

माती म्हणजे खडकाचा भुगा, अशीच समजूत बराच काळ होती. रशियाच्या दोकुचायेव्ह या भूवैज्ञानिकाने १८८३ मध्ये तिथल्या काळ्या मातीचा अभ्यास मांडला आणि हवामान, झाडझाडोरा, काळ यांचा हिशेब त्यात धरला. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत हान्स येनी या मृदाशास्त्रज्ञाने माती घडवणाऱ्या पाच घटकांची मांडणी केली: मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा उतार आणि काळ. कोकणात या पाचांत पावसाचंच चालतं, असं माझं मत.

पावसाचं पाणी हवेतला आणि पालापाचोळ्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातलं बरंच पाणी वाहून जातं, पण उरलेलं खडकात मुरतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी वाहून जातात, मग हळूहळू सिलिकाही. मागे उरतात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोह गंजतं आणि रंग तांबडा होतो. देशावर पाऊस कमी, त्यामुळे हे क्षार जागेवरच राहतात आणि उन्हाळ्यात भेगाळणारी चिकण काळी माती तयार होते.

सड्यावर, म्हणजे कोकणातल्या सपाट कातळी पठारावर, खोल विहीर खणताना हा सगळा क्रम उभा दिसतो. वर जेमतेम वीतभर माती, तिच्याखाली टणक कातळ, मग चिरे काढता येतात तो भोकाभोकांचा जांभा. त्याखाली पांढरट-पिवळी मऊ चिकणमाती, आणि तळाशी बसाल्टचे गोल धोंडे, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. जांभा ताजा असताना कुऱ्हाडीने तासता येतो, उघड्यावर वाळला की घट्ट होतो. १८०७ मध्ये फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारातल्या अशाच दगडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. आपल्याकडे घरं, गडगे त्याचेच आहेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागात, वेंगुर्ल्याकडे, खडक बसाल्टहून कितीतरी जुने. तरी वर जांभा आहेच. मूळ खडक बदलूनही पावसाने जवळपास तेच करून ठेवलंय.

उताराचं काम शेतकऱ्याला पाठ असतं. सड्यावर कातळ उघडा, उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन, खाली मळ्यात वरून वाहून आलेला गाळ आणि भात. खाडीकाठी खाजण, तिथे भरतीचं खारं पाणी. तांबड्या मातीतलं लोह स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, त्यामुळे खत घालूनही पिकाला ते पुरतं मिळत नाही.

कातळावर हापूसची कलमं लावायची तर सुरुंगाने खड्डे फोडून बाहेरून माती आणून भरतात. माणसाला सजीवांत धरायचं की सहावा घटक म्हणायचं, यावर मृदाशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आंबेवाल्याला विचाराल तर तो सहावाच म्हणेल, मातीच्या गाड्यांचं भाडं त्यानेच भरलेलं असतं.