पाठीवर होडी, पायाखाली सडा: आमच्या ट्रीपला येण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "येत्या शनिवार-रविवारी जमेल का?" आणि आमचं उत्तर बहुतेक वेळा असतं की जरा कालनिर्णय बघून सांगतो. लोकांना वाटतं मुहूर्त बघतायत की काय. मुहूर्त नाही, तिथी बघतो, कारण खाडीचं पाणी तिथीप्रमाणे चालतं. आमची ट्रीप पॅकराफ्टची, म्हणजे कोकणात डोंगरातून चालायचं आणि मग खाडीत बोटीने उतरायचं, म्हणून हे पत्रक मुख्यतः त्या पाण्याबद्दल आहे आणि मग बोटीबद्दल, बॅगेबद्दल वगैरे. बुकिंग करायच्या आधी निवांत वाचा, घरच्यांनाही वाचायला द्या.

आधी पॅकराफ्ट म्हणजे काय ते. एका माणसाची हवा भरायची बोट, गुंडाळली की तंबूच्या पिशवीएवढी होते, वजन साधारण दोन ते चार किलो. प्लास्टिकची खेळण्यातली बोट नव्हे, नायलॉनच्या कापडावर टीपीयूचा, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा, थर असतो त्यामुळे चिवट असते. पॅडल चार तुकड्यांत सुटं होतं आणि सॅकच्या बाजूला उभं बसतं. म्हणजे डोंगरातून चालत यायचं, पाणी लागलं की बोट फुगवायची, सॅक पुढे बांधायची आणि निघायचं. पाणी संपलं की परत बोट पाठीवर.

ही कल्पना अलास्कातली. तिथे दिवसेंदिवस चाललात तरी रस्ता नाही, पूल नाही, आणि आडव्या येणाऱ्या नद्या बर्फाच्या पाण्याच्या. १९८२ साली तिथे अलास्का माउंटन वाइल्डरनेस क्लासिक नावाची पायी शर्यत पहिल्यांदा झाली, त्यात डिक ग्रिफिथ नावाचा पन्नाशी उलटलेला गडी नदीपाशी आला आणि सॅकमधून छोटी बोट काढून सरळ पलीकडे गेला, बाकीचे बघत राहिले. पुढे २००० च्या आसपास शेरी टिंगी या बाईंनी मुलाच्या मागणीवरून मजबूत बोटी शिवायला घेतल्या, अल्पाका राफ्ट त्या कंपनीचं नाव, आणि तिथून हे जगभर गेलं.

आपलं कोकण अलास्का नाही. दोन-तीन तास चाललं की एखादी वाडी लागतेच. पण सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावरून, खाली उतरून कांदळवनात शिरलात की मोबाईलला रेंज नाही, दोन्ही बाजूला चिखल आणि तिवरं, रस्ता कुठेतरी डोंगरापलीकडे, आणि आपल्याला बाहेर काढणारं फक्त पाणी. तिथे मदत लांब आहे हे मनात धरूनच यायचं.

तिथीचं गणित

आमच्याकडचे जुने मच्छीमार घड्याळाशिवाय भरती सांगतात. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती, आणि साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून एक-दोन-तीन मोजायचं. रोज भरती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, म्हणूनच हे गणित जमतं. हे अंदाजाचं गणित आहे, पक्क्या वेळेसाठी आम्ही भरतीचं कोष्टक बघतोच, आणि समुद्रापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, तेही धरावं लागतं. पण तिथीवरून दिवस कसा जाणार ते लगेच समजतं.

आता आमचा विचार बघा. आम्हाला सकाळी भरलेली खाडी पाहिजे, म्हणजे ओहोटीबरोबर पाणीच आपल्याला खाली नेतं. दुपारचे खारे वारे सुटायच्या आत, एक वाजेपर्यंत, बोटी बाहेर काढायच्या असतात. दशमीला भरती साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. म्हणून आमची ट्रीप एकादशीच्या आगेमागे असते, महिन्यातून दोनदा. त्यात अजून एक फायदा, अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, नुकताच सरत आलेला असतो, पाण्याला ओढ बेताची असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तीच खाडी वेगळी वागते, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, आणि चिखलाचे नवेनवे पट्टे उघडे पडतात जे एरवी दिसतही नाहीत.

ओहोटी सहा तास असली तरी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलते, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी निघून जातं. पॅकराफ्ट सपाट पाण्यात तासाला तीन-चार किलोमीटर जाते, बस. प्रवाह आणि वारा दोन्ही समोरून आले तर हात दुखेपर्यंत मारा, किनाऱ्यावरचं माडाचं झाड तिथंच राहतं.

हे आम्ही चूक करून शिकलोय. पहिल्या वर्षी एका ग्रुपची सुट्टी रविवारीच होती, तिथी सप्तमी, आणि मी हो म्हटलं. भरती पहाटेच होऊन गेलेली, आम्ही साडेनऊला पाण्यात उतरलो, सुरवातीला मस्त सुसाट गेलो आणि साडेअकराच्या सुमाराला बोटीखालचं पाणीच संपलं. समोर चकचकीत काळा चिखल, किनारा शंभर पावलांवर आणि एकही पाऊल टाकता येईना. एक काका उतरले, गुडघ्याच्या वर रुतले, पाय ओढताना तळाच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळवा चांगला लांब कापला. त्यांना बोटीवर आडवं घेतलं, जखम बाटलीतल्या प्यायच्या पाण्याने धुतली, पट्टी घट्ट बांधली, आणि पाणी परत येईपर्यंत साडेतीन तास उन्हात बसून राहिलो. प्यायला पाणी उरलं नव्हतं. काका बरे झाले, पण ते साडेतीन तास मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. तेव्हापासून तारीख खाडी ठरवते. तुमची सुट्टी जुळली नाही तर आम्हाला खरंच वाईट वाटतं, पण पुढच्या एकादशीला या.

बाय द वे, उपवास असणाऱ्यांनी आधी कळवा. मुक्कामाच्या घरच्या मावशी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करतात, बाकीच्यांना भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी.

कुठे आणि कधी

आम्ही शास्त्री नदीच्या खोऱ्यात फिरतो, संगमेश्वरच्या खालच्या अंगाला. पहिल्या दिवशी सड्यावरून नऊ-दहा किलोमीटर चाल, संध्याकाळी वाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उतरून खाडी. जयगडच्या तोंडापर्यंत जात नाही, तिथे मोठी जहाजं येतात, फेरीबोट चालते, तिथे आपल्या एवढ्याशा बोटीचं काम नाही.

सीझन दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कितीही फोन करा, नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग होड्या बाहेर पडतात, आणि ज्यांचं आयुष्य पाण्यात गेलं ते एवढे थांबतात तर आपण त्याहून जास्त थांबायला पाहिजे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर येऊन काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, वर मुसळधार आणि खाली भरती असली की पाण्याला जायला जागाच राहत नाही. शिवाय पूर ओसरल्यावरच्या गढूळ पाण्यात लेप्टो तापाची भीती, पायाला बारीकशी जखम असली तरी पुरते. मार्चपासून सड्यावर सावली नाही, पाणी नाही, कातळ तव्यासारखा तापतो, म्हणून तेही नाही.

काही जण विचारतात वाशिष्ठीत का नाही. दोन कारणं. एक, वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, आणि ते त्यांचं घर आहे. दुसरं, कोयनेचं वीज तयार करून सोडलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, म्हणजे आकाश कोरडं असताना सुद्धा नदी वाढू शकते. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग होतं तेही असंच सोडलेल्या पाण्यावर, पण तिथे मोठ्या राफ्ट, गाईड, वेळ ठरलेली, तो वेगळा प्रकार. उसळत्या पाण्याची हौस असेल तर तिकडे जा, छान आहे. आमच्याकडे शांत पाणी, खंड्या, बगळे, आणि नशीब असेल तर ऊद, म्हणजे पाणमांजर. गेल्या खेपेला पहाटेच्या धुक्यात तीन ऊद बोटीपासून पंधरा-वीस फुटांवर मासा खात होते, कचकच चावण्याचा आवाज येत होता. कोणी पॅडल हलवलं नाही.

चालताना

सड्यावर कातळशिल्पं लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातली अशी बरीच ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण आम्हाला विचाराल तर यादीत नसलेलंही तेवढंच जपायचं. रेषांवर पाय ठेवू नका, फोटोसाठी पाणी ओतू नका, खडूने तर अजिबात गिरवू नका. देवराईत चप्पल-बूट बाहेर, आतलं वाळकं पानही घरी न्यायचं नाही.

फुरसं, म्हणजे छोटा पण जहाल विषारी साप. आमच्या जिल्ह्यात फुरशी भरपूर आणि कातळाचा सडा त्यांच्या आवडीचा, रंग असा की पायाशी असलं तरी दिसत नाही. घोट्यावर येणारे बूट पाहिजेतच. दगड उगाच उलटू नका, बसायच्या आधी जागा बघा, अंधारात टॉर्चशिवाय चार पावलंसुद्धा नाही. चावलं तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हात-पाय स्थिर ठेवून सरळ सरकारी दवाखान्यात, तिथे विषावरचं इंजेक्शन मिळतं. १०८ ला कुठून रेंज लागते त्या जागा आमच्या टीममधल्या मुलांना पाठ आहेत.

परदेशातून येणाऱ्यांसाठी खास सांगतो: इनरीचसारखं सॅटेलाइट मेसेंजर किंवा सॅटेलाइट फोन घेऊन येऊ नका, भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, एअरपोर्टवरच अडकाल. आम्ही दोन्ही दिवसांचा मार्ग आणि परतायची वेळ गावात लिहून ठेवतो, वेळेत आलो नाही तर खालून माणूस होडी घेऊन निघतो.

बोटीत

पंप नसतो. एक हलकी मोठी पिशवी असते, तिचं तोंड उघडून हवेत झोका द्यायचा, तोंड मुरगळून बंद करायचं आणि आतली हवा बोटीत दाबायची. दहा-बारा वेळा केलं की बोट उभी राहते, मग शेवटची हवा तोंडाने. इथे सगळे एक चूक करतात, फुगली म्हणून लगेच बसतात. गार पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि बोट मऊ पडते, म्हणून पाण्यावर पाच मिनिटं ठेवून परत फुंकायची. आणि उलटं, उन्हात काठावर ओढून ठेवलीत तर थोडी हवा सोडा, नाहीतर ताण येऊन शिवण उसवते.

कालवं लागलेल्या खडकापासून आणि मच्छीमारांच्या खुंटांपासून लांब राहा. छोटं भोक पडलं तर घाबरू नका, जागा पुसून कोरडी करून, स्पिरिटने साफ करून पॅच दाबला की काम भागतं, पण ओल्या कापडावर पॅच बसत नाही, त्यामुळे सॅकमधला एक पंचा शेवटपर्यंत कोरडा ठेवा. कोणाचं जाळं लावलेलं असेल तर वळसा घाला, जाळ्यावरून बोट नेऊ नका, ती त्यांची रोजीरोटी आहे. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारे काका दिसले तर थांबा, त्यांचा हात होऊ द्या, मग जा.

लाइफ जॅकेट बकल लावून, पट्टे ओढून, शेवटपर्यंत अंगावर. पोहता येत असेल तरी. दोरी स्वतःला कधीच बांधायची नाही, सामान बांधायचं. निघायच्या आधी छातीभर पाण्यात प्रत्येकाला एकदा उलटवून परत चढायला लावतो: बोट सरळ करा, पाय मागे सोडून जोरात मारा, छाती बोटीवर ओढा, मग वळून बसा. ज्याला जमत नाही त्याला आमच्या मुलाबरोबर दोन माणसांच्या बोटीत बसवतो, त्यात काही कमीपणा नाही. आणि चिखलात अडकलात तर उतरायचं नाही, बोटीतच बसायचं, शिट्टी तीनदा.

काय आणायचं

बोट, पॅडल, जॅकेट, ड्राय बॅग (पाणी आत न जाणारी पिशवी) आमची. तुमचं सामान सात-आठ किलोच्या आत ठेवा कारण वर बोटीचं वजन येणार आहे. जीन्स नको, ओली झाली की वाळतच नाही. पाण्यासाठी मागून पट्टा असलेल्या जुन्या सँडल, स्लीपर चिखलात राहतात. तीन लिटर पाण्याच्या बाटल्या, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रात्रीसाठी एक गरम कपडा. रोजची औषधं दोन ठिकाणी ठेवा, एक संच आमच्याकडे द्या.

बुकिंग करताना वजन, वय, पोहता येतं का, दमा-बीपी-शुगर काही असेल तर खरं सांगा, आम्ही कोणाला उगाच नाही म्हणत नाही, फक्त त्याप्रमाणे बोट आणि माणूस देतो. वाऱ्यामुळे किंवा अवेळी पावसामुळे आम्ही ट्रीप रद्द केली तर पूर्ण पैसे परत किंवा पुढची तारीख, तुम्ही म्हणाल ते. सकाळी खाडीवर उभं राहून सुद्धा आम्ही नाही म्हणू शकतो, अशा वेळी जीपने परत आणून सोडतो आणि जेवण करूनच पाठवतो. तुम्हाला सोयीचे दोन-तीन महिने कळवा, त्यातल्या दशमी ते द्वादशीच्या तारखा आम्ही काढून पाठवतो.